गच्चीवर वाळत घातलेले फिल्टर

मी काय काम करते असं कुणी विचारलं आणि मी ‘फिल्टर’ म्हटलं, की समोरचा लगेच पिण्याच्या पाण्यावर येतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी तर मला त्यांच्या स्वयंपाकघरातलं मशीन उघडून बघायला बोलावलं होतं. मी गेले, बघितलं, आणि हे माझ्या विषयातलं नाही म्हणून सांगून परत आले. तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये माझ्याशी जरा तुटकच वागतात.

मी ज्या फिल्टरांसाठी पगार घेते त्यांतून पाणी नाही, वितळलेला धातू गाळतात. तळहातावर मावेल एवढी चौकोनी, पांढरी, भोकाभोकांची वडी असते. दिसायला भांडी घासायच्या स्पंजसारखी, पण कडक आणि अगदी हलकी. करायची रीतही स्पंजापासूनच सुरू होते. खराखुरा स्पंज चिनी मातीसारख्या पातळ लगद्यात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो आणि मातीचं जाळं तेवढं मागं राहतं. ॲल्युमिनियम वितळलं की त्याच्यावर सारखी साय धरते, दुधावर धरते तशी. ही साय आणि भट्टीतला बाकीचा कचरा साच्यात गेला, की तयार झालेल्या वस्तूत खडे राहतात, ती तडकते, गळते. म्हणून साच्याच्या वाटेवर ही वडी बसवायची. चहाची गाळणी वरच्या वर अडवते, ही आतल्या वळणावळणांत अडवते. इतकाच काय तो फरक.

आमच्या कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत, इंदिरानगरात आहे, काचेचं, खाली कॉफीचं दुकान वगैरे असलेलं. मी तिथं फारशी नसते. ज्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, तक्रार येते तिथं मला पाठवतात, म्हणजे मी जिथं जाते तिथली माणसं आधीच माझ्यावर रागावलेली असतात. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण फाउंड्रीवाल्यांसाठीच केली असावी. वितळलेल्या धातूचा रस थंड ओततील, साच्याची वाळू ओली ठेवतील, आणि माल बिघडला की फिल्टरवर खापर फोडतील. मी तोंडाची फटकळ आहे. माझे वडील कोल्हापुरात ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे, त्यामुळं जळक्या वाळूच्या वासात मी लहानाची मोठी झाले आणि फाउंड्रीतली कुणाची थाप मला लवकर पटत नाही. साहेबांनी मला एकदा सांगितलं होतं की गिऱ्हाईकाशी स्वल्प गोड बोलत जा. हे ‘स्वल्प’ इथं सगळ्यांच्या तोंडी असतं, मराठी माणसाच्यासुद्धा. मी प्रयत्न करून बघितला, जमलं नाही.

घर जे. पी. नगरला, भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही, आणि त्याबद्दल आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. आई गेली. भाऊ कोल्हापुरात आहे, सणाला फोन करतो आणि ‘बाकी काय’ असं दोनदा विचारून ठेवून देतो. सुरुवातीला एका वर्षी मी मराठी मंडळींच्या गणपतीला गेले होते. पुण्या-मुंबईची आयटीतली पोरं होती सगळी, चांगली होती, आग्रह करून करून मोदक वाढत होती. पण दर दोन मिनिटांनी कुणीतरी यायचं आणि विचारायचं, काकू, काका नाही आले? तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, काका नाहीतच. त्यानंतर माझ्या भोवतीची जागा जरा मोकळी झाली. पुढच्या वर्षी मी गेले नाही.

दिवसभर मी हिंदी बोलते, मोडकंतोडकं कन्नड बोलते, मेल इंग्रजीत लिहिते. संध्याकाळी घरी आले की कुकर लावताना स्वतःशी मोठ्यानं मराठी बोलते. ‘आता बाई, मीठ टाकलंस का तू?’ असलं काहीतरी. हे सवयीनं होतं की एकटेपणानं, ते मला सांगता येणार नाही. वाईट वाटतं एवढं खरं.

अशात मला अक्का भेटली.

शहराच्या पीण्या नावाच्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत तिची लहानशी फाउंड्री होती. ॲल्युमिनियमची पंपाची घरं ओतायची, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच. तिचं घराणं मूळचं आपल्याकडचं, पण तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर होता, निवृत्त झाल्यावर त्यानं ही भट्टी घातली आणि चांगली चालवली. तो गेल्यावर अक्का तिथं जाऊन बसायला लागली. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, नऊवारी नाही पण सुती इरकली लुगड्यासारखी चापून नेसलेली साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि पायांत कारखान्याचे जाड बूट. मी तक्रार बघायला पहिल्यांदा गेले आणि माझं आडनाव ऐकल्याबरोबर तिनं खुर्चीवरच्या फायली उचलून बाजूला ठेवल्या आणि मराठीतून म्हणाली की आधी जेवून घे, मग काय ते भांडू.

तिचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. जुनं, पुस्तकातल्यासारखं, आणि मधेच कन्नडचे खडे. मी तिला अहो-जाहो करायचे, तर एकदा चिडलीच. अक्का म्हणतेस आणि वर तुम्ही म्हणतेस, अक्काला कुणी तुम्ही म्हणतं होय, असं म्हणाली. तेव्हापासून मी तिला तू म्हणायला लागले. या शहरात मी तू म्हणावं असं ते एकच माणूस होतं.

तक्रार अशी होती, की पंपाची घरं गिऱ्हाईकाकडून परत येत होती. ही घरं गळता कामा नयेत. म्हणून ती पाण्याच्या टाकीत बुडवतात आणि आत हवा भरतात. कुठून बुडबुडा आला की तो नग बाद. अक्काच्या मालातून बुडबुडे यायचे. कधी एखाद्या नगातून, कधी ओळीनं साऱ्यांतून. नवऱ्याच्या हयातीत असं होत नव्हतं. तो गेला, अक्का बसायला लागली, आणि काही दिवसांत माल परत यायला लागला. फाउंड्रीतला मोठा मेस्त्री, म्हणजे तिथला कारागिरांचा मुकादम, थेट काही बोलायचा नाही. पण बाईमाणसानं भट्टीवर बसू नये असं तो इतरांशी कन्नडमध्ये बोलतो, हे मला कळण्याइतपत कन्नड मला येत होतं. मी त्याला एकदा चांगलं सुनावलं. कोणत्या भाषेत ते आठवत नाही, तीनही मिसळून असावं.

मुलगा ऑस्ट्रेलियात. तो रोज फोन करून म्हणायचा की विक ते सगळं आणि इकडं ये. अक्काचं उत्तर ठरलेलं असायचं. हे तिनं मला पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं, जेवताना, अगदी शांतपणे.

“ह्यांच्या हातात होती तेव्हा एक नग परत आला नाही. माझ्या हातात आल्यावर यायला लागला. हा डाग ठेवून मी जायची नाही. माल स्वच्छ जायला लागू दे, त्या दिवशी विकीन आणि पोराकडं जाईन.”

म्हणजे माझ्यापुढचं काम सोपं होतं. माल बिघडतो कशानं ते शोधायचं. आणि ते सापडलं की अक्का जाणार. मी ताटातला भात संपवला.

त्यानंतर दर गुरुवारी मी तिथं जायला लागले. जे. पी. नगरला मेट्रोत बसायचं आणि पीण्याला उतरायचं, गाडी बदलायची नाही. तक्रार असो नसो, गुरुवार माझा तिथलाच. अक्का दोघींचा डबा आणायची. हुळी-भात म्हणजे सांबार-भात, डाळीची कोशिंबीर, तिला ती कोसंबरी म्हणायची, आणि माझ्यासाठी मुद्दाम तिखट काहीतरी, कारण कोल्हापूरच्या माणसाला तिखटाशिवाय जेवण जात नाही असा तिचा समज होता. खरं तर मला पित्त आहे. ते मी तिला कधी सांगितलं नाही, घरी येऊन गोळी घ्यायचे.

मी कामात कुचराई केली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगते. भट्टी बघितली. रसातला वायू काढायची त्यांची पद्धत बघितली, ती आमच्या पुस्तकी पद्धतीपेक्षा जरा चांगलीच होती. वाळू बघितली, साचे बघितले, ओतताना मेस्त्रीचा हात किती उंचीवर राहतो तेही बघितलं. प्रत्येक वेळी मी माझ्या पिशवीतले फिल्टर काढून चाचणीला द्यायचे, आणि त्या दिवशीचा माल चांगला निघायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बुडबुडे. मेस्त्रीनं मग असं काढलं की मॅडम दाखवण्यापुरते वेगळे, चांगले फिल्टर आणतात आणि कंपनी विकते ते वेगळे. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या कपाटातलं खोकं उघडून मी एकेक वडी हातात घेऊन बघितली. तीच, आमचीच. वरची धूळसुद्धा नव्हती, उलट आमच्याकडून निघतात त्यापेक्षा स्वच्छ. हे स्वच्छ असणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं असं आता वाटतं. पण स्वच्छ वस्तूवर संशय घ्यायची सवय कुणाला असते?

खोटं कशाला सांगू, कारण सापडत नव्हतं याचं मला दुःख नव्हतं. चीड यायची, झोपताना डोक्यात तेच यायचं, पण दुःख नव्हतं. गुरुवार येत होता.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी अक्काचा फोन आला की गुडघा सुजलाय, भट्टीवर येत नाही, तू घरीच जेवायला ये. घर राजाजीनगरला, बैठं, वर गच्ची. मी आधीही दोनतीनदा गेले होते, पण बाहेरच्या खोलीतच. त्या दिवशी ती स्टुलावर बसून चपात्या लाटत होती आणि मी भाजत होते. बाहेर ढग भरून आले. बेंगळुरूत उन्हाळ्यात असा पाऊस दुपारचा अचानक येतो, आंब्याचा पाऊस म्हणतात त्याला. दोन थेंब खिडकीवर वाजले तशी अक्का लाटणं ठेवून म्हणाली, “वर संडिगे वाळत घातलेत गं, तेवढे घेऊन ये पळत. माझा गुडघा चढू देत नाही.”

मी गच्चीवर गेले. जुन्या धोतरावर तांदळाचे सांडगे मांडलेले होते, ओळीनं, एकसारखे. आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या धुवट धोतरावर तशाच ओळीनं आमचे फिल्टर मांडले होते.

मी तिथं उभी राहिले. अंगावर पाऊस पडायला लागला तरी उभी होते. एक फिल्टर उचलला, हाताला कोरडा लागला. नाकाशी धरला. धुतलेल्या कपड्याला येतो तसा ओलसर वास त्याच्या पोटातून येत होता. मग भानावर येऊन दोन्ही धोतरं चारी कोपऱ्यांनी गोळा केली आणि खाली आणली.

“अक्का, हे तू धुतेस?”

तिला प्रश्नच कळला नाही. धुते म्हणजे काय, न धुता वापरायचे की काय, अशा चेहऱ्यानं तिनं माझ्याकडं बघितलं. मग सांगायला लागली, आणि सांगताना तिचा चेहरा खुलत गेला. नवरा गेल्यावर तिनं पहिलं खोकं उघडलं तेव्हा हात पांढरे झाले होते. एवढी धूळ असलेली गाळणी रसाला लावायची, म्हणजे गाळायचं की घाण करायचं? भट्टीवरचं पाणी बोअरचं, खारं, त्यानं पांढरे डाग राहतात. म्हणून ती खोकी गाडीत घालून घरी आणायची, घरच्या नळाला येणाऱ्या कावेरीच्या पाण्यात तीनदा खळबळायची, गच्चीवर मडीत वाळवायची आणि पुन्हा खोक्यात भरून न्यायची. मडी म्हणजे आपलं सोवळं. देवाची भांडी जशी ती कुणाला घासू देत नव्हती, तसे हे फिल्टरही कुणाला धुऊ देत नव्हती. भट्टीवर कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. खोकी कपाटात जायची ती नीट चिकटवून जायची.

त्यात धूळ असते हे खरंच आहे. कडांचा भुगा असतो, तो हलकेच फुंकून काढावा लागतो, हवेच्या नळीनं. पण पाण्यात घालायची वस्तू नाही ती. उन्हात वाळवली की हाताला कोरडी लागते, आत मातीच्या बारीक काड्यांच्या पोटात मात्र ओल राहते. कढत तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. इथं तर रस तेलाच्या कितीतरी पट तापलेला. ओलीतला वायू त्या रसात शिरतो, आणि रस थिजताना बारीक बारीक भोकं ठेवून जातो. पंपाच्या घरातून येणारे बुडबुडे तिथून येत होते.

तिथं, चपातीचा जळका वास येत असताना, मला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. माल कशानं बिघडतो ते, आणि मी ते बोलले की अक्का जाणार, ते. दोन्ही इतक्या स्वच्छ कळल्या होत्या की त्यात मला विचार करायला जागाच नव्हती. मी फटकळ आहे म्हणून बोलले असं नाही. बिघडलेला माल डोळ्यांदेखत जाऊ देणं मला जमत नाही. वडिलांनी शिकवलं नाही, कंपनीनंही नाही, ते अंगातच आहे. मी गॅस बंद केला आणि सांगितलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, “म्हणजे मीच?”

मी हो म्हटलं.

ती उठली, गुडघा धरत देवघरापर्यंत गेली, परत आली. अति तिथं माती, असं पुटपुटली. मग ताटं घेतली. आम्ही जेवलो. तिनं मला भाजी दोनदा वाढली आणि स्वतः जवळजवळ काही खाल्लं नाही. मला फार वाईट वाटत होतं. तिच्यासाठी वाटत होतं आणि त्याहून जास्त माझ्यासाठी, हे मी लपवत नाही.

मला वाटलं होतं ती ही गोष्ट दोघींतच ठेवील. कुणीही ठेवली असती. पण दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून ती भट्टीवर गेली आणि सगळ्यांना अंगणात बोलावून स्वतः सांगितलं की चूक तिची होती, फिल्टर ती धुवत होती, मेस्त्रीच्या हाताचा काही दोष नव्हता आणि कंपनीच्या मॅडमचाही नव्हता. मला हे तिच्याकडं हिशेब बघणाऱ्या मुलीकडून कळलं. मेस्त्री मान खाली घालून उभा होता म्हणे. मला त्याला बघायला आवडलं असतं.

त्यानंतर फिल्टर थेट खोक्यातून निघायला लागले. भुगा फुंकायचा, भट्टीच्या काठावर तापवायचे आणि मग साच्यात बसवायचे. पुढच्या मोठ्या लॉटची चाचणी होती तेव्हा मी मुद्दाम गेले. अक्का आणि मी टाकीजवळ उभ्या होतो. नग बुडवला की पाणी आधी हलतं, मग स्थिर होतं, आणि मग आपण वाट बघतो. पहिला नग, दुसरा, त्याच्यापुढचे. पाणी स्थिरच राहत होतं. मला एकदा असंही वाटलं की एखादा तरी यावा, एकच, लहानसा. आला नाही. अक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला, आणि पुन्हा टाकीत बघायला लागली, जणू तिलाही खात्री पटत नव्हती.

“सरी,” शेवटी ती म्हणाली. ठीक झालं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

पुढचं भराभर झालं. माल चांगला जायला लागल्याची बातमी पीण्यात पसरायला वेळ लागत नाही. शेजारच्या गल्लीतला एक तरुण कारखानदार बघायला आला, आवडलं, घेतो म्हणाला. मुलगा येऊन कागदपत्रं करून गेला. नम्र मुलगा. मला म्हणाला, आंटी, तुमच्यामुळं आई सुटली. राजाजीनगरचं घर भाड्यानं दिलं. सामान आवरायला मी दोन रविवार गेले. अक्का सगळं पुसून पुसून ठेवत होती, जे फेकून द्यायचं होतं तेसुद्धा. मी एकदा म्हटलं की अगं हे टाकायचंय, तर म्हणाली की टाकायचं झालं तरी घाण कशाला टाकायचं.

शेवटच्या गुरुवारी तिनं पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा तिचेही डोळे लाल होते. मी मेट्रोनं घरी आले.

नवीन मालकानं फाउंड्री छान ठेवलीय. विजेचे दिवे बदलले, पंखे लावले, फिल्टर पूर्वीपेक्षा जास्त घेतो. मेस्त्री मला आता नमस्कार करतो. मी जाते तेव्हा काचेच्या ग्लासात फिल्टर कॉफी येते आणि सगळं हिंदीत बोललं जातं, सभ्यपणे, कामापुरतं. तक्रार नसेल तर मला तिथं जायचं कारण नसतं आणि तक्रार नसतेच. गुरुवारी आता मी इंदिरानगरच्या ऑफिसात असते. दुपारी खालच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, इडली खाते, उभ्यानं खायचं एक बरं असतं, समोरची खुर्ची रिकामी दिसत नाही. एकदा जवळच्या टेबलावर दोन पोरी पुणेरी मराठीत कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. मी इडली संपली तरी हात न धुता तिथंच थांबले, त्यांचं बोलणं संपेपर्यंत. एकीनं माझ्याकडं वळून बघितलं तेव्हा मला लाज वाटली आणि मी निघाले.

अक्का रविवारी फोन करते. माझी सकाळ असते, तिची दुपार. पहिले काही रविवार ती तिकडचं कौतुक सांगायची. रस्ते किती स्वच्छ, हवा किती स्वच्छ, नळाचं पाणी तसंच प्यायचं. सून भांडी मशीनला लावते. नातवंडं गोड आहेत, पण त्यांचं इंग्रजी तिला कळत नाही आणि तिचं मराठी त्यांना. सगळी कामाला आणि शाळेला गेली की ती खिडकीशी बसते. एकदा तिनं नुसतंच म्हटलं की काहीतरी बोल गं, काय जेवलीस ते सांग, भाजी कशाची केलीस ते सांग. मी गवारीची भाजी कशी केली ते सविस्तर सांगितलं. केली नव्हती, पण सांगितलं. ती मधेमधे विचारत होती, कूट घातलंस का, गूळ किती घातलास.

मागच्या रविवारी ती बोलता बोलता थांबली. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. मग तिनं विचारलं, “त्या दिवशी गच्चीवरून खाली आल्यावर तू गप्प बसली असतीस तर?”

मी म्हटलं, “तर माल खराबच जात राहिला असता, अक्का.”

“गेला असता तर गेला असता गं,” अक्का म्हणाली.

मी फोन तसाच कानाला धरून बसून राहिले, आणि तिनंही ठेवला नाही.